टीडीएस मीटरवरचा आकडा शिशाविषयी काही सांगत नाही

पुण्याजवळच्या फुरसुंगी-उरुळी देवाची परिसरातील विहिरीचा टीडीएस (पाण्यात विरघळलेल्या एकूण क्षारांचे प्रमाण) लिटरला ५०० मिलिग्रॅमच्या आत भरला, म्हणून तिथल्या कचरा डेपोचा परिणाम त्या पाण्यापर्यंत पोहोचलेला नाही, हा या चर्चेत एकाने मांडलेला निष्कर्ष मला मान्य नाही. आकडा फार वाढला तर तो धोक्याचा इशारा जरूर समजावा, पण शिसे, कॅडमियम अशा विषारी धातूंबाबत कमी आकडा म्हणजे निर्वाळा नव्हे. टीडीएस मीटर पाण्याची विद्युतवाहकता मोजून एकूण विरघळलेल्या क्षारांचा अंदाज देते. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात शिशाची मर्यादा लिटरला ०.०१ मिलिग्रॅम आणि कॅडमियमची ०.००३ मिलिग्रॅम आहे, म्हणजे शिशाची मर्यादा ५०० च्या पन्नास हजाराव्या भागाइतकी आहे, आणि एवढा फरक त्या मीटरवर उमटणे शक्यच नाही. पाणी उकळूनही धातू जात नाहीत. उलट वाफ गेल्याने त्यांचे प्रमाण किंचित वाढते.

चाचणीसाठी पाण्याचा नमुना कसा घ्यावा, याबद्दल या चर्चेत कोणी लिहिलेले नाही. आमच्या बोअरचे पाणी मी प्रथम साध्या धुतलेल्या बाटलीत भरून चार दिवसांनी प्रयोगशाळेत नेले, तेव्हा तिथल्या बाईंनी ते धातूंच्या चाचणीसाठी घेतले नाही. आम्ल न घातलेल्या पाण्यातील धातू बाटलीच्या आतील पृष्ठभागाला चिकटतात आणि प्रमाण खोटेच कमी दिसते. म्हणून नायट्रिक आम्ल घालून सामू (पीएच) २ च्या खाली आणावा लागतो. प्रयोगशाळेकडूनच तयार बाटली मागून घ्यावी. शिवाय आपल्याकडच्या बेसाल्ट खडकात पाणी भेगांमधून वाहते, त्यामुळे शेजारच्या विहिरीच्या चांगल्या अहवालावर विसंबून राहू नये.