चार काउंटर, एक गोडाऊन: ब्लोअरचे स्पेअर कुठे किती ठेवायचे?

ब्लोअरवाला_निफाड
आमचं ट्रॅक्टर-ब्लोअरच्या (द्राक्षबागेत औषध फवारायचं, ट्रॅक्टरवर चालणारं यंत्र) स्पेअरचं काम. गोडाऊन नाशिकला, काउंटर पिंपळगाव बसवंत, निफाड, दिंडोरी, सिन्नर. ऑक्टोबर छाटणीनंतर डावणीच्या (पावसाने, ओलीने वाढणारा द्राक्षाचा रोग) फवारण्या सुरू झाल्या की निफाडला पंपाचे डायफ्राम (पंपातला रबरी पडदा) संपतात, सिन्नरला मात्र तेच पडून असतात. गिअरबॉक्सची जोडी चारही ठिकाणी आहे आणि सगळं मिळून वर्षाला जेमतेम दोन खपतात. पैसा अडकलाय. सगळा माल नाशिकला आणू का?

स्टोअरवाला_सातपूर
गिअरबॉक्स आजच उचला. चार ठिकाणची मागणी साधारण सारखी आणि एकमेकांशी संबंध नसलेली असेल, तर एका जागी ठेवल्यावर सेफ्टी स्टॉक, म्हणजे अचानक मागणी वाढली तर म्हणून ठेवलेला जादा माल, निम्म्यावर येतो. चार जागांचं वर्गमूळ दोन, तेवढ्याने भागायचं, एवढंच गणित.

ब्लोअरवाला_निफाड
मग डायफ्रामपण तसेच?

स्टोअरवाला_सातपूर
नाही भाऊ, तिथे हेच गणित तोंडावर पाडतं. पाऊस काय फक्त निफाडला पडतो? निफाड, पिंपळगाव, दिंडोरी एकाच दिवशी फवारायला निघतात. एकाकडे कमी पडलं तर दुसऱ्याकडे शिल्लक असेल, या भरवशावरच वर्गमूळ चालतं. शिवाय बाग ओली असताना ‘उद्या नाशिकहून येईल’ हे ऐकायला कोणी थांबत नाही, तो शेजारच्या दुकानात जातो (आणि पुढच्या वर्षीही तिथेच). तेव्हा डायफ्राम, ओ-रिंग, नोझल हंगामात काउंटरवरच, सिन्नरला नावापुरते.

मधल्या वस्तूंचं, म्हणजे पीटीओ शाफ्टचा (ट्रॅक्टरची ताकद ब्लोअरला देणारा दांडा) क्रॉस म्हणजे सांधा वगैरे, असं बघा: माल यायला महिना लागतो, महिन्यात सरासरी एक खपतो, गिऱ्हाईक तुरळक आपापलं येतं आणि विकला की लगेच ऑर्डर जाते. अशा वेळी एक नग ठेवला तर तो महिना निभावण्याची शक्यता ७४ टक्के, दोन ठेवले तर ९२, तीन ठेवले तर ९८. तिसऱ्या नगाची किंमत बघून तुम्हीच ठरवा.

हिशेबताई
दादा, आधी आकडे खरे आहेत का ते बघा. पोरगा सिन्नरहून बाइकवर पार्ट घेऊन निफाडला देतो, नोंद होते संध्याकाळी, कधी होतच नाही. मग कॉम्प्युटर म्हणतो तीन, रॅक रिकामा. चारही काउंटर एकाच जीएसटी नंबरखाली असतील तर आपसात माल हलवायला कर लागत नाही, डिलिव्हरी चलन पुरतं. ते फाडल्याशिवाय माल हलू देऊ नका. आणि रबराचा माल जुना आधी काढा.

ब्लोअरवाला_निफाड
ताई, चलनबुक सिन्नरच्या काउंटरवर आहे म्हणे. कोरं.