मदत हवी आहे: आईच्या स्वादुपिंडातली १.४ सेंटिमीटरची गाठ, ऑपरेशनने काढावी की सुईने जाळावी?

नमस्कार. आम्ही वेंगुर्ले तालुक्यातले. आई ६१ वर्षांची आहे. तिच्या स्वादुपिंडाच्या मधल्या भागात इन्सुलिनोमा, म्हणजे जास्तीचं इन्सुलिन सोडून रक्तातली साखर उतरवणारी गाठ, निघालाय, आकार १.४ सेंटिमीटर, स्वादुपिंडाचा रस वाहणाऱ्या मुख्य नळीपासून साधारण ४ मिलिमीटरवर. दोन डॉक्टरांनी दोन वाटा सांगितल्यात आणि घरात एकमत होत नाहीये. ज्यांनी हे जवळून पाहिलंय त्यांनी कृपया लिहा.

मागचं थोडं सविस्तर सांगते, कारण आणखी कुणाच्या घरी असंच चालू असू शकतं. आई सोमवार धरते, दिवसभर काही खात नाही, संध्याकाळी सोडते. सोमवारी दुपारी तिला घाम फुटायचा, जीभ अडखळायची, समोरच्या माणसाची ओळख पटायची नाही. इतर दिवशी पहाटेही व्हायचं, पण सोमवार ठरलेला. त्यामुळे वाडीत सगळ्यांचं म्हणणं पडलं की देवाचं काहीतरी राहिलंय. गाऱ्हाणं घातलं, हातावर गूळखोबरं ठेवलं, ते खाऊन थोड्या वेळात आई ठणठणीत! मग म्हणायची, "माका कायएक आठवणा नाय." गुण गाऱ्हाण्याचा म्हणून सगळे निवांत. गुळाकडे कुणाचंच लक्ष गेलं नाही. एका ठिकाणी फिटच्या गोळ्याही सुरू झाल्या होत्या. त्यांनी नुसती झोप वाढली.

शेवटी आरोग्य केंद्रातल्या एका तरुण डॉक्टरांनी नेमकं त्या अवस्थेत बोट टोचून पाहिलं. साखर ३८. ग्लुकोज लावल्यावर आई लगेच बोलायला लागली. लक्षणं, त्याच वेळी कमी साखर आणि साखर देताच आराम, या तिन्ही गोष्टी जुळल्या की इन्सुलिनोमाचा संशय घ्यायचा, असं त्यांनीच पहिल्यांदा सांगितलं. त्यांचे उपकार आम्ही विसरणार नाही.

पुढे देखरेखीखाली उपाशी ठेवायची तपासणी झाली. ती ७२ तासांपर्यंत चालू शकते, आईची साखर पहिल्याच रात्री उतरली. तेव्हाच्या रक्तात इन्सुलिन आणि सी-पेप्टाइड (शरीर स्वतः इन्सुलिन बनवतं तेव्हा सोबत तयार होणारा घटक) दोन्ही जास्त. बाबा मधुमेहाची, साखर उतरवणारी ग्लिमेपिराइड गोळी घेतात, ती चुकून आईच्या पोटात जाते का, हेही रक्त तपासून पाहिलं. तसं नव्हतं. मग सीटी, मग तोंडातून दुर्बीण घालून एंडोस्कोपिक सोनोग्राफी आणि सुईने तुकडा. रिपोर्ट: ग्रेड १ (सावकाश वाढणारी), केआय-६७ (पेशी किती वेगाने वाढतात त्याचं माप) दोन टक्के. कॅल्शियम आणि पॅराथायरॉइड नॉर्मल.

आता सर्जन म्हणतात, पोटाला छोटी छिद्रं पाडून दुर्बिणीने फक्त गाठ सोलून काढू. पण आत गेल्यावर नळी फार जवळ वाटली तर स्वादुपिंडाचा शेपटाकडचा भागही काढावा लागेल, प्लीहा शक्यतो वाचवू. दुसरे डॉक्टर म्हणतात, तोंडातूनच दुर्बीण जठरात नेऊ, जठराच्या भिंतीतून गाठीत सुई घालू आणि रेडिओ लहरींच्या उष्णतेने ती जाळू. पोटावर एकही टाका नाही. आईचं मत ठाम आहे: "माका पोट फाडून घेवचा नाय." दादाला वाटतं गाठ बाहेर काढून पॅथॉलॉजीला गेली पाहिजे, आत जाळून ठेवलेल्या गोष्टीचा भरवसा काय? मला दोघांचंही पटतं आणि म्हणूनच रात्री झोप येत नाही.

जाळलेली गाठ परत येते का? आली तर पुढे काय? आणि सगळं चतुर्थीनंतर करू असं आई म्हणते, तेवढं थांबणं बरोबर आहे का?

सोनचाफा:
ताई, माझ्या दिरांचं ऑपरेशन झालं होतं, गाठ सोलून काढली. साखर त्याच दिवशी सुधारली आणि अजून उत्तम आहे. पण स्वादुपिंडाचा रस गळत राहिला, त्यामुळे तो बाहेर काढायला पोटात बसवलेली नळी बरेच आठवडे होती. घरी नळी आणि पिशवी सांभाळायची, रसाने त्वचा सोलवटायची, जेवणावर बंधनं. माणूस कंटाळून गेला. घाबरवायचं नाहीये, पण ऑपरेशनआधी आम्हाला हे कुणी नीट समजावलं नव्हतं. तुम्ही विचारून घ्या.

पोटविकार_पुणे:
मी या विषयातला डॉक्टर आहे. रिपोर्ट पाहिल्याशिवाय सल्ला देणार नाही, पण माहिती देतो. या दोन उपायांची तुलना करणारा एक मोठा अभ्यास २०२३ साली प्रसिद्ध झाला. दोन्हीकडे ८९-८९ इन्सुलिनोमा होते. ऑपरेशनने १०० टक्के रुग्णांचा त्रास थांबला, सुईने जाळून ९५.५ टक्के. गुंतागुंत ऑपरेशनमध्ये ६१.८ टक्के, सुईत १८ टक्के, आणि गंभीर गुंतागुंत सुईच्या गटात एकही नाही. रुग्णालयातला मुक्काम सरासरी ११ दिवस विरुद्ध ३ दिवस.

तुमच्या दादांची शंका मात्र रास्त आहे. जाळलेल्यांपैकी १५ गाठी, म्हणजे जवळपास १७ टक्के, परत आल्या. त्यातल्या ११ पुन्हा सुईनेच यशस्वीपणे जाळल्या, ४ जणांचं ऑपरेशन केलं. शिवाय या गटाचा पाठपुरावा ऑपरेशनच्या गटापेक्षा कमी काळाचा होता. म्हणजे सुईची वाट धरली तरी ऑपरेशनचा रस्ता बंद होत नाही, पण वर्षानुवर्षं तपासण्या करत राहण्याची तयारी हवी.

मुख्य नळीचं अंतर फार महत्त्वाचं. उष्णता नळीपर्यंत गेली तर स्वादुपिंडाला सूज येते, पुढे नळी आकुंचन पावू शकते. तुमचे ४ मिलिमीटर ऐकायला बरे वाटतात, पण ते एंडोस्कोपिक सोनोग्राफीत मोजलेत की सीटीवर, हे विचारा. आणि सुई मारणाऱ्यांना थेट विचारा: स्वादुपिंडात हे तुम्ही किती जणांना केलंय? हा प्रश्न विचारायला संकोचू नका. गाठ नळीला खेटून असती किंवा ग्रेड वरचा असता तर मी स्वतः ऑपरेशनकडे झुकलो असतो.

खाडीपलीकडे:
माझ्या काकांना स्वादुपिंडात १.२ सेंटिमीटरची गाठ आहे, त्यांना डॉक्टरांनी काहीच न करता फक्त लक्ष ठेवायला सांगितलंय. मग इथे घाई कशाला? चतुर्थी होऊन जाऊ दे की.

पोटविकार_पुणे:
काकांची गाठ बहुधा हार्मोन न सोडणारी असेल. २ सेंटिमीटरपेक्षा लहान आणि काही त्रास नसलेल्या तशा गाठींवर लक्ष ठेवणं हा मान्य मार्ग आहे. इन्सुलिनोमाचं तसं नाही. इथे धोका गाठीच्या आकाराचा नाही, साखर ३८ वर येण्याचा आहे. विहिरीवर किंवा चुलीपाशी असताना झालं तर? चतुर्थीसाठी थांबू नये असं माझं स्पष्ट मत. तोवर उपवास पूर्ण बंद. दर दोन-तीन तासांनी खाणं, झोपताना पेज किंवा दूधभात, पहाटे एकदा उठवून पुन्हा काहीतरी. इन्सुलिन कमी करून साखर उतरू न देणारं डायझॉक्साइड हे औषध आहे, ते सुरू करायचं का ते तुमच्या डॉक्टरांना विचारा. त्याने अंगावर सूज येऊ शकते.

मूळ लेखिका:
सर्वांचे मनापासून आभार. अंतर एंडोस्कोपिक सोनोग्राफीतच मोजलंय, रिपोर्टमध्ये तसं लिहिलंय. आता दादाही म्हणतो की दोन्ही सोयी असलेल्या मुंबईच्या एका रुग्णालयात सर्जन आणि एंडोस्कोपीवाले दोघांना एकत्र भेटू आणि मग ठरवू. आईने सोमवार सोडायला नकार दिला होता, पण आमच्या भटजीकाकांनी घरी येऊन सांगितलं, आजारपणात उपवास नाही केला तर दोष नाही. त्यावर ऐकलं.

कुडाळहून कोकणकन्येने जाणार आहोत, पावसाळ्यात गाडीला उशीर होतो. रात्रभराच्या प्रवासात काय काळजी घ्यावी? आणि महात्मा फुले योजनेत यातलं काही बसतं का?

सोनचाफा:
ग्लुकोमीटर, ग्लुकोजची पुडी आणि खाणं आईच्या बर्थवरच ठेवा, सामानात नको. तिच्या समोरचा बर्थ तुम्ही घ्या आणि गजर लावून मध्ये मध्ये साखर बघा. आई गुंगीत असेल, गिळत नसेल, तर तोंडात काही ओतू नका, टीटीईंना सांगून पुढच्या स्टेशनवर वैद्यकीय मदत मागा. योजनेचं मात्र रुग्णालयात आरोग्यमित्र बसतात त्यांनाच विचारा, प्रक्रियेचं नेमकं नाव डॉक्टरांकडून कागदावर लिहून घेऊन. रेशनकार्ड आणि आधारकार्ड न विसरता न्या.