मदत हवी आहे: परदेशात नवीन आहोत, प्रत्येक किमतीचा मनात गुणाकार होतो

नमस्कार मंडळी,

नवऱ्याच्या नोकरीमुळे नुकतेच परदेशात आलो आहोत. मीही इथे काम शोधते आहे. देशाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर धागा "त्यापेक्षा आमच्याकडे या" या वळणावर जाईल.

अडचण अशी की दुकानात काहीही हातात घेतलं की डोक्यात आपल्याकडच्या पैशांतला आकडा उभा राहतो आणि वस्तू परत फळीवर जाते. परवा फरशी पुसायचा मॉप आणि बादली आणायला गेले. एका हातात बादलीची कडी, दुसऱ्या हातात फोनचा कॅल्क्युलेटर, आणि मागे ट्रॉली घेऊन एक बाई खोळंबलेली. उत्तर बघितलं आणि रिकाम्या हाताने बाहेर पडले. घरची फरशी अजून जुन्या टी-शर्टने पुसली जाते आहे.

नवरा बरोबर उलट टोकाला. "इथे कमावतो, इथे खर्चतो, गुणाकार कशाला?" हे त्याचं पालुपद. केस कापायला किती दिले ते त्याने इतक्या सहज सांगितलं की मी खुर्चीत बसलेच. पण घरच्या कर्जाचे हप्ते चालू आहेत, ते काही इथल्या पैशांत फिटत नाहीत. म्हणून त्याचंही पूर्ण पटत नाही.

तर महाग म्हणजे नक्की कशाच्या तुलनेत धरायचं? पगार आकड्यात घसघशीत दिसतो, महिनाअखेरीला हाती काही उरत नाही. हे सुरुवातीपुरतंच असतं का? शिवाय सध्या तात्पुरत्या जागेत आहोत आणि एजंट वर्षाच्या करारासाठी मागे लागला आहे. मला सगळीच घरं महाग वाटतात, नवऱ्याला सगळीच ठीक वाटतात. कोणाचं खरं धरू?

प्रतिसाद

ताई, गुणाकार बंद करू नका, त्याला त्याची जागा दाखवून द्या. जो पैसा सीमा ओलांडणार आहे, म्हणजे हप्ते, घरी पाठवायची रक्कम, मायदेशी ठेवायची बचत, त्याला गुणाकार हवाच. जो इथेच मिळून इथेच संपणार त्याला भागाकार. कर, विमा, निवृत्तीची वर्गणी कापून हातात जे पडतं त्याला महिन्याच्या कामाच्या तासांनी भागा. मग ती बादली किती मिनिटांच्या कामाची आहे ते बघा. तोच हिशेब जुन्या पगारावर जुन्या बादलीचाही करा. यूबीएस ही स्विस बँक शहराशहरांची तुलना अशीच करायची, अमुक वस्तूसाठी किती वेळ राबावं लागतं यावरून. कारखान्यात बनणाऱ्या बऱ्याच वस्तू तुम्हाला इथे चक्क स्वस्त निघतील.

माणसाचा वेळ मात्र महागच राहणार. न्हावी इथेही तासाला साधारण तेवढीच डोकी करतो. पण इतर उद्योगांत माणशी उत्पादन जास्त असल्याने पगार चढलेले असतात, आणि न्हाव्याला त्या धंद्यात टिकवायचं तर त्यालाही त्याच्या आसपास मिळायला हवं. बलासा आणि सॅम्युएलसन या दोन अर्थतज्ज्ञांनी १९६४ मध्ये हे वेगवेगळं मांडलं होतं. जागतिक बँकही राहणीमानाची तुलना करताना नुसता बाजारातला विनिमय दर न धरता क्रयशक्तीचा दर (त्याच वस्तू आणि सेवा दोन्हीकडे घ्यायला किती पैसे लागतात त्यावरून काढलेला) धरते, ते याचसाठी. तेव्हा केस कापणं, नळ दुरुस्ती, मोलकरीण यांना बँकेच्या दराने गुणलंत तर दर वेळी धक्का बसेल. बादली घेऊन टाका.

प्रतिसाद

घराबद्दल लिहितो, कारण खरा पैसा तिथे जातो, मॉपमध्ये नाही.

सिमोन्सोन आणि लोवेनस्टीन यांनी २००६ मध्ये अमेरिकेत शहर बदलणाऱ्या कुटुंबांवर एक अभ्यास प्रसिद्ध केला. महाग शहरातून आलेले लोक नव्या शहरात जास्त भाड्याचं घर घेतात, स्वस्त शहरातून आलेले कमी भाड्याचं, आणि हा फरक नुसत्या उत्पन्नावरून समजावता येत नाही. जुनी किंमत डोक्यात बसलेली असते. गंमत पुढे आहे. त्याच शहरात दुसऱ्यांदा घर बदललं की हा फरक निघून जातो, लोक तिथल्यांसारखंच घर शोधू लागतात.

त्यामुळे आज तुम्हा दोघांपैकी कोणाचंच खरं धरू नका. तुम्ही निवडाल ते बहुधा लांबचं आणि अडचणीचं असेल, भाड्यात वाचलेलं पासात आणि वेळेत जाईल, आणि तुम्हाला नोकरी लागली तर तो प्रवास दोघांचा होईल. तात्पुरती जागा महाग पडली तरी थोडी लांबवा. करार करायचाच झाला तर मधेच सोडायची मुभा किती महिन्यांच्या नोटिशीवर आहे, अनामत परत कधी आणि काय कापून मिळते, वीज-पाणी-हीटिंग भाड्यात धरलंय का, एवढं लेखी घ्या. एजंटची घाई ही एजंटची गरज आहे.

प्रतिसाद

वरचं सगळं बरोबर, पण सवय आपोआप सुटेल या भरवशावर राहू नका. युरोच्या नोटा २००२ च्या जानेवारीत आल्या, तरी फ्रान्समधले वयस्क लोक पुढे बरीच वर्षं फ्रँकमध्ये बोलत. त्यातले काही तर १९६० च्या आधीच्या जुन्या फ्रँकमध्ये, ज्याचे शंभर मिळून नवा एक झाला होता!

उपाय कंटाळवाणा आहे. नेहमीच्या पाच-सहा गोष्टींचे इथले भाव पाठ करा आणि नवी किंमत त्यांच्याशी ताडून बघा. फळीवरच्या चिठ्ठीवर बारीक अक्षरात किलोचा किंवा लिटरचा दर असेल तर तोच वाचा. छापील किमतीत कर आहे की गल्ल्यावर वाढतो तेही बघून ठेवा.

अनामत, पलंग, गाद्या, व्हिसाची फी हा संसार मांडायचा खर्च वेगळ्या पानावर लिहा. तो महिन्याच्या खर्चात मिसळला की "काही उरत नाही" असंच वाटणार. तिकडचं कार्ड इथे वापरत असाल तर मशीन तिकडच्या चलनात पैसे घेऊ का विचारतं, तिथे नाही म्हणा. तो दर जवळजवळ नेहमीच वाईट असतो.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. मॉप आणला. तासाचा हिशेब नवऱ्याला दाखवला तर त्याने आधी स्वतःच्या हेडफोनचे तास काढले आणि गप्प झाला, हा माझ्यासाठी बोनस. एजंटला सध्या थांबायला सांगितलं आहे. एकच राहिलं. हप्त्यांसाठी कुठला दर धरायचा? गुगलवर दिसतो तो आणि बँक देते तो यात बरीच तफावत आहे.

प्रतिसाद

बँकेचाही नको. गुगलवरचा साधारण खरेदी आणि विक्रीच्या मधला दर असतो, तो आपल्याला मिळत नाही, आणि बँक दराव्यतिरिक्त शुल्कही लावते. शेवटी तिकडच्या खात्यात जमा झालेली रक्कम भागिले इथल्या खात्यातून एकूण गेलेली रक्कम, हा तुमचा दर. दोन-तीन सेवांवर तेवढीच रक्कम टाकून किती पोचतात ते बघा. पैसे पाठवण्याआधी हा आकडा दाखवतात. आणि हप्त्याच्या तारखेच्या दोन कामाचे दिवस आधी पाठवा, मधे सुट्टी आली तर अडकतं.