क्रूझ, महासाथ आणि प्रवासविमा: आई-बाबांसाठी पॉलिसी घेताना नेमके काय पाहावे?

कोथरूडची लेक (४ मे २०२२)

नमस्कार मंडळी,

येत्या सप्टेंबरात माझ्या आई-बाबांच्या लग्नाला ४० वर्षे पूर्ण होत आहेत. जहाजाच्या प्रवासाची बाबांना फार वर्षांची हौस आहे. २०२० च्या मे महिन्यासाठी केलेले बुकिंग टाळेबंदीमुळे रद्द झाले आणि त्यानंतर त्यांनी तो विषयच काढणे सोडून दिले होते. आता २७ मार्च २०२२ पासून भारतातून नियमित आंतरराष्ट्रीय विमानसेवा पुन्हा सुरू झाल्यामुळे आम्ही भावंडांनी मिळून त्यांना सात रात्रींची क्रूझ भेट द्यायचे ठरवले आहे. जहाज इटलीतील त्रिएस्ते बंदरातून निघते आणि कोटोर, डुब्रोव्हनिक व कोर्फू ही बंदरे करून पुन्हा त्रिएस्तेला येते.

बाबा ६८ वर्षांचे आहेत आणि रक्तदाबाची गोळी रोज घेतात. आई ६४ वर्षांची असून तिला मधुमेह आहे. दोघांच्या कोविडच्या दोन्ही लसी आणि प्रिकॉशन (बूस्टर) डोस झालेले आहेत. टूर कंपनीने पॅकेजमध्येच शेंगेन व्हिसासाठी (युरोपातील बऱ्याच देशांत मिळून चालणाऱ्या एकाच व्हिसासाठी) लागणारा ३० हजार युरोंचा विमा दिला आहे. त्याचे दोन पानी प्रमाणपत्र मी तीनदा वाचले, पण त्यात जहाज किंवा क्रूझ हा शब्द कुठेही आढळला नाही. जहाजावर दोघांपैकी एकाची कोविड चाचणी पॉझिटिव्ह आली तर हा विमा नेमका कशाकशाचे पैसे देईल, आणि वेगळी पॉलिसी घ्यावी लागली तर त्यात कोणत्या गोष्टी तपासाव्यात, हे जाणकारांनी कृपया सांगावे. आम्ही तिघेही भावंडे त्या आठवड्यात पुण्यातच असू, त्यामुळे तिकडे अडचण आली तर धावून जाणारे कोणी नाही, ही माझी खरी काळजी आहे.

पूर्वाश्रमीचा जहाजी

ताई, मी नऊ वर्षे क्रूझ जहाजांवर रेस्टॉरंट विभागात नोकरी केली आणि २०२० च्या मार्चनंतर प्रवासी उतरून गेल्यावरही कित्येक आठवडे जहाजावरच अडकून होतो. विम्याचे कायदे मला ठाऊक नाहीत, पण जहाजावर प्रत्यक्षात काय घडते ते सांगतो.

जहाजाचा दवाखाना बहुधा खालच्या मजल्यावर असतो. डॉक्टर आणि परिचारिका चांगल्या असतात, मात्र तपासणी, औषध, सलाईन या प्रत्येकाचे बिल तुमच्या केबिनच्या खात्यावर चढते. ज्या कार्डाने आपण केबिनचे दार उघडतो, त्याच कार्डावर हे पैसे पडतात आणि प्रवास संपताना क्रेडिट कार्डावरून वसूल होतात. आपल्या विमा कंपनीची कॅशलेस सोय तिथे चालेल असे गृहीत धरू नका. आधी पैसे भरायचे आणि परत आल्यावर क्लेम करायचा, अशी तयारी ठेवा. म्हणून आई-बाबांकडे भरपूर मर्यादा शिल्लक असलेले आंतरराष्ट्रीय क्रेडिट कार्ड द्या.

चाचणी पॉझिटिव्ह आली की प्रवाशाला वेगळ्या केबिनमध्ये हलवतात. जेवण दाराबाहेर ठेवले जाते आणि दारावर टकटक करून वाढपी निघून जातो. त्या केबिनला खिडकी असेलच असे नाही. पती-पत्नींपैकी एकच पॉझिटिव्ह असेल तर दोघांना वेगवेगळे राहावे लागू शकते, आणि वयस्कर जोडप्यांना आजारापेक्षा तेच जड जाते हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. त्यांना एकमेकांच्या केबिनचा फोन नंबर लिहून ठेवायला सांगा, कारण तेथील इंटरनेट महाग असते.

आणखी एक गोष्ट म्हणजे जहाज कुठे थांबेल हे प्रवाशाच्या किंवा कप्तानाच्याही हातात नेहमी नसते. फेब्रुवारी २०२० मध्ये ‘वेस्टरडॅम’ या जहाजाला एकामागून एक देशांनी बंदरात येऊ दिले नाही आणि शेवटी कंबोडियाने आसरा दिला. त्याच महिन्यात जपानमध्ये योकोहामाला ‘डायमंड प्रिन्सेस’वर ३७११ माणसे अडकली आणि त्यांपैकी ७१२ जणांना लागण झाली. त्या जहाजावर १३८ भारतीय होते आणि त्यांतील बहुतेक जण माझ्यासारखे कर्मचारी होते.

विमा सल्लागार, सदाशिव पेठ

आपण प्रमाणपत्र तीनदा वाचलेत हे फार चांगले केलेत. तरीही खरा करार प्रमाणपत्रात नसतो. तो ‘पॉलिसी वर्डिंग’ या २५-३० पानी दस्तऐवजात असतो आणि तो मागून घेणे हा आपला हक्क आहे. माझ्या २२ वर्षांच्या व्यवसायात क्लेम नाकारल्यावर जितके लोक हळहळताना पाहिले, त्यांतील बहुतेकांनी ती पाने उघडलेलीच नव्हती.

पहिला मुद्दा भूगोलाचा आहे. शेंगेन व्हिसासाठीच्या अटीनुसार विम्यात तातडीचे उपचार, रुग्णालयातील भरती आणि मायदेशी परत आणण्याचा खर्च किमान ३० हजार युरोंपर्यंत असावा लागतो, आणि तो शेंगेन देशांमध्ये लागू असावा लागतो. कोटोर मॉन्टेनेग्रोमध्ये आहे आणि डुब्रोव्हनिक क्रोएशियामध्ये, आणि हे दोन्ही देश आज, म्हणजे मे २०२२ मध्ये, शेंगेनमध्ये नाहीत. टूर कंपनीने दिलेली पॉलिसी फक्त ‘शेंगेन’ या भौगोलिक मर्यादेची असेल, तर या दोन बंदरांवर, आणि कदाचित मधल्या खुल्या समुद्रातही, आई-बाबा विम्याविना असतील. ‘वर्ल्डवाइड’ किंवा निदान ‘अमेरिका व कॅनडा वगळून जगभर’ अशी मर्यादा असलेली पॉलिसी घ्यावी आणि तीत जहाजावरील उपचार धरले आहेत की नाहीत, हे कंपनीला ईमेलने विचारून लेखी उत्तर घ्यावे. फोनवर मिळालेल्या आश्वासनाचा क्लेमच्या वेळी काहीही उपयोग होत नाही.

दुसरा मुद्दा महासाथीच्या काळात सर्वांत जास्त अडचणीचा ठरतो. प्रवासविम्याची रचना मुळात रुग्णालयातील भरतीभोवती झालेली आहे. अनेक पॉलिसींमध्ये भरती म्हणजे किमान २४ तास रुग्णालयात दाखल असणे, आणि रुग्णालय म्हणजे त्या देशाच्या कायद्याने नोंदणी झालेली संस्था, अशी व्याख्या असते. आता आपल्या उदाहरणाचा विचार करा. बाबांना सौम्य ताप आहे, चाचणी पॉझिटिव्ह आहे, त्यांना सहा दिवस केबिनमध्ये विलगीकरणात ठेवले, नंतर बंदरावरच्या हॉटेलात आणखी चार दिवस राहावे लागले आणि परतीचे विमान चुकले. यात ते एक मिनिटही रुग्णालयात नव्हते. सर्व खर्च कोविडमुळे झाला असला, तरी ‘कोविड समाविष्ट’ असे ठळक अक्षरांत लिहिलेली पॉलिसी त्यातला एक रुपयाही देणार नाही, असे घडू शकते. म्हणून विलगीकरणाचा दैनिक भत्ता, सक्तीच्या मुक्कामाचा खर्च आणि परतीच्या तिकिटाचा फरक ही तीन कलमे स्वतंत्रपणे शोधावीत. विलगीकरणाचा आदेश कोणाचा असावा लागतो, जहाजाच्या डॉक्टरचा चालतो की सरकारी अधिकाऱ्याचाच हवा, हेही पाहावे. त्या एका ओळीवर पुष्कळ क्लेम अडलेले मी पाहिले आहेत.

तिसरा मुद्दा रद्द करण्याचा. विमा अनिश्चित घटनेचा असतो. जी घटना पॉलिसी घेताना सर्वांना माहीत झालेली आहे, तिच्यामुळे झालेले नुकसान बहुतेक कंपन्या देत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेने ३० जानेवारी २०२० रोजी आंतरराष्ट्रीय आणीबाणी जाहीर केली, आणि त्या सुमारास अनेक परदेशी विमा कंपन्यांनी कोविडला ‘ज्ञात घटना’ ठरवून त्यानंतर घेतलेल्या पॉलिसींवरचे असे क्लेम नाकारले. त्यामुळे ऑगस्टमध्ये रुग्ण वाढले आणि भीतीपोटी आपण प्रवास रद्द केला, तर नेहमीच्या पॉलिसीतून पैसे मिळणार नाहीत. निघण्यापूर्वी आई किंवा बाबा स्वतःच पॉझिटिव्ह आले तर मात्र काही पॉलिसी भरपाई देतात, पण त्यासाठी मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचा अहवाल लागतो. घरच्या किटवरील दोन रेघांचा फोटो चालत नाही. अमेरिकेत कोणत्याही कारणाने रद्द करण्याचे वेगळे कलम विकत मिळते आणि त्यातून साधारण ५० ते ७५ टक्के रक्कम परत मिळते. आपल्याकडच्या नेहमीच्या पॉलिसीत ते सहसा नसते.

आईचा मधुमेह आणि बाबांचा रक्तदाब प्रस्ताव अर्जात न चुकता लिहा. आधीपासूनच्या आजारासाठी बहुतेक पॉलिसी केवळ जीव धोक्यात असेल अशा आणीबाणीतच, आणि तेही ठरावीक मर्यादेपर्यंत पैसे देतात, पण तो आजार लपवला तर कोविडचा क्लेमसुद्धा अडचणीत येऊ शकतो.

औंधचा प्रवासी

वरील दुसऱ्या मुद्द्याला मी स्वतःच्या अनुभवाचा दुजोरा देतो. गेल्या नोव्हेंबरात दुबईहून निघालेल्या क्रूझवर माझी चाचणी चौथ्या दिवशी पॉझिटिव्ह आली. पाच दिवस केबिनमध्ये आणि तीन दिवस हॉटेलात काढले. परत आल्यावर क्लेम केला, तर विमा कंपनीचे उत्तर एका वाक्यात आले: ‘आंतररुग्ण म्हणून २४ तासांची भरती झालेली नसल्याने दावा स्वीकारता येत नाही.’ मी कंपनीच्या तक्रार निवारण कक्षाकडे अर्ज केला आणि पॉलिसीतील बाह्यरुग्ण (भरती न होता घेतलेल्या) उपचारांचे कलम दाखवून दिले. तेव्हा जहाजावरील डॉक्टरची फी आणि औषधांचे पैसे मिळाले, हॉटेलचे मिळाले नाहीत.

एवढे तरी मिळाले याचे कारण कागद. जहाजावरून उतरताना मी दवाखान्यातून तपशीलवार बिल, डॉक्टरचा सही-शिक्क्याचा अहवाल आणि विलगीकरण कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत होते याचे पत्र मागून घेतले होते. जहाज निघून गेल्यावर हे कागद मिळवणे फार अवघड असते, तेव्हा आई-बाबांना हे आधीच समजावून सांगा.

मिलिंद, सहकारनगर

विम्याबरोबर व्हिसाही तपासा. जहाज शेंगेनमधून बाहेर पडून ग्रीसमधील कोर्फूला पुन्हा शेंगेनमध्ये येते, म्हणजे एकदाच प्रवेश देणारा व्हिसा पुरणार नाही. व्हिसा चुकीचा म्हणून जहाजावर चढू दिले नाही, तर ते नुकसान कोणताही विमा भरून देत नाही.

कोथरूडची लेक (९ मे २०२२)

सर्वांचे मनापासून आभार. आपण सांगितल्याप्रमाणे मी टूर कंपनीकडून पूर्ण वर्डिंग मागवले. भौगोलिक मर्यादा खरोखरच केवळ शेंगेनची निघाली. त्यानंतर दोन विमा कंपन्यांना एकसारखेच प्रश्न ईमेलने पाठवले. एकीने ‘अटी व शर्ती पाहाव्यात’ एवढेच कळवले. दुसरीने मात्र लिहून दिले की जहाजावरील डॉक्टरांचे उपचार बाह्यरुग्ण म्हणून धरले जातील, आणि जहाजाच्या डॉक्टरांच्या लेखी आदेशावर विलगीकरणाचा दैनिक भत्ता ठरावीक दिवसांपर्यंत मिळेल. भीतीमुळे प्रवास रद्द केल्यास काही मिळणार नाही, हेही त्यांनी स्पष्टपणे लिहिले आहे, आणि त्या स्पष्टपणामुळेच मला विश्वास वाटला. व्हिसाचा अर्जही दोन प्रवेशांसाठी करायला सांगितले आहे.

एक शंका उरली आहे. टूर कंपनी म्हणते की प्रवास रद्द झाल्यास पैशांऐवजी पुढच्या क्रूझसाठी क्रेडिट देऊ. ते स्वीकारावे का?

विमा सल्लागार, सदाशिव पेठ

क्रेडिट स्वीकारण्यापूर्वी विमा कंपनीला विचारा. २०२० मध्ये काही क्रूझ कंपन्यांनी भरलेल्या रकमेच्या १२५ टक्के क्रेडिट देऊ केले आणि अनेकांनी ते आनंदाने घेतले, पण क्रेडिट घेतले की नुकसान भरून निघाले असे मानून विमा कंपनी तेवढ्या रकमेचा क्लेम सहसा नाकारते. ६८ व्या वर्षी ‘पुढची क्रूझ’ कधी घडेल याचाही विचार करावा. मी आपल्या जागी असतो तर रोख परताव्याचाच आग्रह धरला असता.

आपल्याला मिळालेला तो ईमेल छापून पॉलिसीसोबत ठेवा आणि एक प्रत आई-बाबांच्या हातातल्या बॅगेत द्या. पुढे क्लेमवरून वाद झालाच, तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार करावी, आणि महिनाभरात उत्तर आले नाही किंवा पटले नाही तर नारायण पेठेत केळकर रस्त्यावर विमा लोकपालांचे कार्यालय आहे. तेथे शुल्क लागत नाही आणि वकीलही लागत नाही.