मदत हवी आहे: फॉस्टरमधल्या घाबरट कुत्रीला दत्तक घ्यायला घर मिळालंय, आता द्यावी की अजून थांबावं?

नमस्कार. आम्ही रेस्क्यू केलेल्या कुत्र्यांना कायमचं घर मिळेपर्यंत आमच्याकडे ठेवून घेतो, म्हणजेच फॉस्टर करतो. आजवर आमच्याकडे बहुतेक पिल्लंच आली. पिल्लांची कामं खूप असली तरी ती कळण्यासारखी असतात. जंताचं औषध, लसी, रात्रीची रडारड, मग घर मिळतं आणि पिल्लू जातं. या वेळी संस्थेने पहिल्यांदाच मोठी कुत्री पाठवली आणि माझं सगळं गणित वेगळं झालं.

तिचं नाव आम्ही शेवंती ठेवलंय. दातांवरून डॉक्टरांनी वय दोन-तीन वर्षं सांगितलं. पिल्लं काढून विकण्यासाठी तिला बंद पिंजऱ्यात ठेवलेलं होतं. घर म्हणजे काय हे तिने कधी पाहिलेलंच नव्हतं. जिना, आरसा, मिक्सरचा आवाज, गुळगुळीत फरशी, सगळ्याचीच भीती. पिल्लू तीन आठवड्यांचं झाल्यापासून साधारण बारा-चौदा आठवड्यांचं होईपर्यंत जे जे बघतं, ते त्याला पुढे ओळखीचं वाटतं, असं मी वाचलं होतं. शेवंतीचा तो सगळा काळ चार गजांच्या आत गेला. त्यामुळे ती एक दिवस इतर कुत्र्यांसारखी अंगावर उड्या मारेल अशी माझी अपेक्षा नाही. पण तिला दिवसाचा बराचसा वेळ न घाबरता जगता यावं, एवढं तरी तिला मिळायलाच हवं.

आमच्या घरी आमचा स्वतःचा कुत्रा आहे, खंड्या. आता म्हातारा झालाय, शांत आहे. शेवंती आल्यावर आधी दोन आठवडे तिला वेगळ्या खोलीत ठेवलं, कारण पार्व्हो किंवा डिस्टेंपरसारखा कुत्र्यांचा संसर्गजन्य आजार अंगात असेल तर तो तेवढ्या दिवसांत बहुतेक वेळा दिसून येतो. दोघांची भांडी वेगळी, तिच्या खोलीतून बाहेर आलं की हात धुवायचे, कपडे बदलायचे. मग एकमेकांच्या चादरी बदलून वासाची ओळख, मग बाहेर मोकळ्या जागी अंतर ठेवून दोघांना समांतर चालवणं, आणि सगळ्यात शेवटी घरात एकत्र. हे सगळं छान पार पडलं. खरं तर तिला घर शिकवलं ते खंड्यानेच. दारावरची घंटा वाजली की ती आधी त्याच्याकडे बघते. तो उठला नाही तर तीही पडून राहते.

आता ती माझ्या हातातून खाते, मी घरी आले की शेपूट हलवत दारात येते, रात्री माझ्या पलंगाशेजारी झोपते. मात्र हे सगळं फक्त माझ्यापुरतंच आहे. नवरा खोलीत आला की अजूनही सोफ्यामागे जाते. तो बिचारा आवाजसुद्धा चढवत नाही. पाहुणे आले तर थिजून उभी राहते, जीभ नाकावरून फिरवत राहते, डोळ्यांचं पांढरं दिसायला लागतं. एकदा जेवत असताना पाहुणे जवळून गेले तेव्हा गुरगुरली. चावली नाही, दातही दाखवले नाहीत. बाहेर फिरायला जाते, पण मोठी गाडी गेली की पट्ट्यातून मान काढायचा प्रयत्न करते. म्हणून हार्नेस आणि गळ्यातला पट्टा असे दोन्ही लावून दोन दोऱ्यांनीच नेते.

तिला दत्तक घ्यायला एक जोडपं पुढे आलंय. समंजस माणसं आहेत. आधी कुत्रा पाळलेला, तो म्हातारपणाने गेला. भेटायला आले तेव्हा दोघं जमिनीवर बसून राहिले, तिच्याकडे टक लावून बघितलं नाही, हात पुढे केला नाही. मला मनापासून आवडले. अडचण अशी की त्यांच्याकडे दुसरं कुत्रं नाही, आणि दिवसा घरी असतो तो नवरा.

संस्थेचं म्हणणं, द्या. तेही चुकीचं नाही. आमची जागा रिकामी झाली की पिंजऱ्यात थांबलेलं पुढचं कुत्रं बाहेर येईल. आमच्या घरात म्हणतात, मग आपणच ठेवू या. ते मला नको आहे. शेवंतीवर माझा जीव आहे. पण खंड्याचं वय बघता दोन कुत्री कायमची झाली की फॉस्टरसाठी आमचं दार बंद होईल, आणि हे काम मला पुढे बरीच वर्षं करायचंय.

ज्यांनी अशी मोठी, भेदरलेली कुत्री सांभाळून पुढे दिली आहेत त्यांना विचारायचं आहे. आत्ता दिली तर आजवर कमावलेलं सगळं वाया जाईल का? थांबले तर ती माझ्यातच जास्त गुंतेल का? सोबत खंड्यासारखं कुत्रं नसलेलं घर तिला चालेल का? आणि द्यायचीच झाली तर ती कशी द्यावी, म्हणजे नेमकं काय काय करावं? "तुम्ही केवढं पुण्याचं काम करता" असं कृपया लिहू नका. मला अनुभव हवे आहेत.

प्रतिसाद

मी बरीच वर्षं मोठीच कुत्री फॉस्टर करते, त्यातली निम्मी तरी अशीच घाबरट. माझं मत, द्या. पण एका झटक्यात नाही.

अशी कुत्री दत्तक द्यायला तयार आहे का हे ठरवताना ती घाबरते का हे बघू नका. ती घाबरणारच. घाबरल्यावर किती वेळात सावरते ते बघा. पाहुणे गेल्यावर तासभर सोफ्यामागेच राहत असेल, तर अजून थोडं थांबा. दहा मिनिटांत बाहेर येऊन पाणी पीत असेल, खाऊ घेत असेल, तर ती तयार आहे. तुमच्या लिहिण्यावरून मला ती दुसऱ्या गटातली वाटते, पण हे तुम्हीच बघून सांगू शकाल.

तुमच्याकडे आणखी काही महिने राहिली तर तिचा विश्वास वाढेल, पण तो तुमच्यावरचाच. दुसऱ्या माणसावर विश्वास ठेवणं तिला दुसऱ्या माणसाकडूनच शिकावं लागतं. म्हणून आजपासून तिचं खाणं तुमच्या नवऱ्याच्या हाती द्या. सुरुवातीला त्यांनी भांडं ठेवून निघून जावं, इतकंच. मग त्यांनी तिच्याकडे कूस करून बसावं आणि खाऊ तिच्या पुढ्यात न टाकता तिच्या मागे टाकावा. ही युक्ती मला फार उपयोगी पडली आहे. खाऊ मागे पडला की ती लांब जाते, तिची भीती उतरते, आणि परत यायचं की नाही हे तिचं ती ठरवते. हातातला खाऊ दाखवून जवळ ओढलं तर ती खाण्यापायी भीतीच्या टप्प्यात येते आणि खाऊन झाल्यावर एकदम दचकते. चावे असेच होतात.

गुरगुरली म्हणून ओरडू नका. दत्तक घेणाऱ्या त्या दोघांनाही हे पुन्हा पुन्हा सांगा. गुरगुरणं ही सूचना असते. ती दाबली तर कुत्रं सूचना न देता चावायला शिकतं. जेवताना तिच्या जवळून कोणी जाऊ नये, भांडं कोणी उचलू नये. जायलाच लागलं तर लांबून काहीतरी चविष्ट टाकत जावं.

दुसरं कुत्रं नसल्याचा मुद्दा मात्र खरा आहे. काही कुत्री दुसऱ्या कुत्र्याच्या आधारानेच उभी राहतात. याची परीक्षा सोपी आहे. खंड्याला थोडा वेळ दुसरीकडे ठेवा आणि शेवंती खाते का, फिरते का, झोपते का ते बघा. अन्नाला तोंडच लावत नसेल, तर दुसरं कुत्रं असलेलं घर शोधा आणि संस्थेला तसं स्पष्ट सांगा. नुसती जरा बावरत असेल, तर चालेल.

प्रतिसाद

आम्ही अशीच एक कुत्री दत्तक घेतली आहे, म्हणून त्या जोडप्याच्या बाजूने लिहितो. फॉस्टर ताईंनी आम्हाला तिची न धुतलेली चादर, तिचं भांडं आणि एक लिहिलेला कागद दिला होता. त्यावर किती वाजता खाते, बाहेर कधी जाते, कुठल्या शब्दांना ओळखते, कशाला घाबरते, घाबरली की काय करायचं, सगळं होतं. खाणंही आठवडाभर अगदी तेच ठेवलं, मग हळूहळू बदललं. पहिल्या दिवसांत नातेवाइकांना बोलवलं नाही, अंघोळ घातली नाही. एक खोली, एक कोपरा, तेवढंच तिचं घर. सगळे सांगतात की तीन दिवसांत बुजरेपणा कमी होतो, तीन आठवड्यांत दिनक्रम कळतो, तीन महिन्यांत घर आपलं वाटतं. आमच्या तिला प्रत्येक टप्प्याला याहून कितीतरी जास्त वेळ लागला. तो हिशेब त्या दोघांच्या डोक्यात भरवून देऊ नका, नाहीतर चौथ्या महिन्यात ते निराश होतील.

प्रतिसाद

मी पशुवैद्य आहे. द्यायच्या आधी तिची एकदा नीट तपासणी करून घ्या. दात, कान, कंबर, गुडघे. सतत पिल्लं काढलेल्या, पिंजऱ्यात वाढलेल्या कुत्र्यांमध्ये दातदुखी आणि सांधेदुखी खूप दिसते, आणि दुखणारं कुत्रं जास्त घाबरतं. नसबंदी झाली नसेल तर ती दत्तक देण्याआधी व्हावी. पण टाके भरायला दहा ते चौदा दिवस लागतात, त्या दिवसांत घर बदलू नका.

भीतीवर औषधं आहेत आणि ती मागण्यात कमीपणा नाही. फ्लुओक्सेटिनसारखं रोजचं औषध असेल तर परिणाम दिसायला चार ते सहा आठवडे लागतात, म्हणजे हा विचार आत्ताच व्हायला हवा, घर बदलायच्या आदल्या दिवशी नाही. नुसती गुंगी आणणारं औषध मात्र मागू नका. त्याने हालचाल मंदावते, भीती तशीच राहते. माणसांची औषधं घरातल्या घरात तर अजिबात देऊ नका.

धागाकर्ती

तिघांचेही खूप आभार. खंड्याला वेगळं ठेवून बघितलं. आधी दारापाशी जाऊन वास घेत राहिली, पण मग जेवली आणि झोपलीही. खाणं नवऱ्याकडे दिलंय. संस्थेशीही बोलले. तपासणी झाली की ते जोडपं काही दिवस रोज येऊन बसणार, मग फिरायला दोरी त्यांच्या हातात देणार, मग थोडा वेळ त्यांच्या घरी, आणि नंतर मुक्काम. पहिले काही आठवडे चाचणीचे असतील आणि नाहीच जमलं तर ती दुसऱ्या कोणाकडे न जाता संस्थेकडेच परत येईल, हे करारात लिहून घेणार आहोत. एकच शेवटचा प्रश्न. ती गेल्यावर मी भेटायला जावं का?

प्रतिसाद

(वर पहिला प्रतिसाद लिहिला होता तीच.) पहिले काही आठवडे जाऊ नका. तुम्ही येऊन परत निघालात की ती दारापाशी बसून राहील आणि त्या दोघांची मेहनत मागे जाईल. ती त्यांच्या हातून निवांत खायला लागली, त्यांच्यासमोर पाठ टेकून झोपायला लागली, की मग खुशाल जा. तोवर फोटो मागवा. फोन मात्र रात्रीसुद्धा चालू ठेवा. अशी कुत्री पळतात ती बहुतेक वेळा नव्या घरातल्या पहिल्या दिवसांतच, दार उघडं राहिलं किंवा मान पट्ट्यातून सुटली म्हणून. तिच्या गळ्यात दोन्ही घरांचे नंबर असलेली पाटी घाला. सुटलीच, तर तिच्या मागे धावायचं नाही आणि हाकांचा गलकाही करायचा नाही, हे त्या दोघांना सांगून ठेवा. त्यांनी तिला लांबून नजरेत ठेवावं आणि तुम्हाला फोन करावा. तुम्ही खंड्याला घेऊन जायचं, थोड्या अंतरावर जमिनीवर बसायचं आणि खाऊची पिशवी वाजवायची.