४२ हजारांत गेमिंग कॉम्प्युटर : तयार संच घ्यावा की असेंबल करून घ्यावा?

धायरीकर :
नमस्कार. माझी धाकटी बहीण यंदा अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाला आहे. तिने शिकवण्या घेऊन साठवलेले पैसे आणि माझी भर मिळून ४२ हजार रुपये जमले आहेत. अभ्यासाबरोबर व्हॅलोरंट आणि जीटीए ५ हे दोन खेळ नीट चालावेत, एवढीच तिची अपेक्षा आहे. घरी साडेअठरा इंची जुना मॉनिटर आहे. तो १३६६ बाय ७६८ चा असून त्याला फक्त व्हीजीए ही जुन्या पद्धतीची जोडणी आहे.

गेल्या शनिवारी आम्ही दोघे पुण्यातल्या तपकीर गल्लीत चौकशी करून आलो. एका दुकानात २४ हजारांत ‘आय-७ गेमिंग पीसी’ म्हणून तयार संच दाखवला. त्यात आय-७ २६००, एच ६१ मदरबोर्ड, १६ जीबी रॅम आणि जीटी ७३० चे ४ जीबीचे ग्राफिक्स कार्ड आहे. कॅबिनेटच्या पुढे रंगीत दिव्यांचे तीन पंखे आहेत आणि बहिणीच्या तो मनात भरला आहे. दुसऱ्या दुकानदाराने रायझन ५ ५६००जी हा प्रोसेसर घालून, वेगळ्या कार्डाशिवाय, ३८ हजारांत असेंबल करून देतो असे सांगितले. स्वस्त आणि कार्डासहित मिळणारा संच सोडून महागाचा बिनकार्डाचा संच का घ्यावा, हे मला तिला पटवून देता आले नाही, कारण ते मलाच पुरते समजलेले नाही. कृपया मार्गदर्शन करावे.

सोल्डरगन :
मी गेली १८ वर्षे कॉम्प्युटर दुरुस्ती करतो. २४ हजारांचा संच घेऊ नका, असे मी स्पष्टपणे सांगेन. आय-७ २६०० हा प्रोसेसर २०११ सालचा आहे, तर जीटी ७३० हे कार्ड २०१४ सालचे असून ते तेव्हाही खेळासाठी दुबळेच मानले जात असे. त्यावर ४ जीबी मेमरी बसवल्याने त्याचा वेग वाढत नाही. विंडोज ११ साठी अधिकृतपणे इंटेलचा किमान आठव्या पिढीचा प्रोसेसर लागतो आणि हा दुसऱ्या पिढीचा आहे. विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. त्यातच विंडोज ११ वर व्हॅलोरंट सुरू होण्यासाठी टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट या दोन्ही सुरक्षा सोयी लागतात; इतक्या जुन्या संचात त्या सहसा मिळत नाहीत, म्हणजे ज्या खेळासाठी संच घ्यायचा त्याच खेळाला तो पुढे अडणार. शिवाय काही नवे खेळ एव्हीएक्स २ (जलद गणितासाठीचा आदेशसंच) नसलेल्या प्रोसेसरवर उघडतच नाहीत आणि इंटेलने ती सोय २०१३ साली चौथ्या पिढीत आणली.

५६००जी मध्ये सहा कोर, बारा थ्रेड आणि अंगचेच वेगा ग्राफिक्स आहे. तुमचा मॉनिटर येथे तुमच्या बाजूने आहे. १३६६ बाय ७६८ म्हणजे साधारण साडेदहा लाख बिंदू. फुल एचडीला त्याच्या जवळजवळ दुप्पट, पावणेएकवीस लाख, काढावे लागतात. त्यामुळे तुम्ही सांगितलेले दोन्ही खेळ कमी सेटिंगवर वेगळ्या कार्डाशिवाय समाधानकारक चालतील. मात्र रॅम ८ जीबीच्या दोन पट्ट्या अशीच घ्या. दुकानदार ‘पुढे वाढवता येईल’ म्हणून १६ ची एकच पट्टी लावू पाहतात, पण अंगचे ग्राफिक्स रॅमवरच जगते आणि एका पट्टीवर त्याचा वेग बराच पडतो.

एसएमपीएसबद्दल, म्हणजे संचाला वीज पुरवणाऱ्या डब्याबद्दल, कळकळीने लिहितो. मागच्या पावसाळ्यात कात्रजहून एक संच माझ्याकडे आला. कॅबिनेटबरोबर आलेल्या एसएमपीएसवर ठळक ‘५०० वॅट’ छापले होते. उचलला तर रिकाम्या डब्यासारखा हलका लागला. त्याच स्टिकरवरच्या बारीक तक्त्यात १२ व्होल्टसमोर १४ अँपिअर लिहिले होते, म्हणजे प्रत्यक्षात १६८ वॅट. आतले कपॅसिटर फुगून फुटले होते आणि जाताना मदरबोर्डही घेऊन गेले. त्या मुलाने वर्षभर पैसे साठवले होते. म्हणून तक्ता वाचा, १२ गुणिले अँपिअर करा आणि वीज वाया न घालवण्याचे ब्राँझ प्रमाणपत्र असलेला, ४५० ते ५५० वॅटचाच घ्या.

आठवा कोर :
थोडे वेगळे मत मांडतो. आय-३ १२१००एफ हा प्रोसेसर घेऊन त्याबरोबर वापरलेले ग्राफिक्स कार्ड घेतल्यास त्याच पैशात पुष्कळ अधिक वेग मिळेल.

वडगाव बुद्रुक :
वेग अधिक मिळेल हे खरे, परंतु नावातल्या ‘एफ’ चा अर्थ प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स नाही असा आहे. जुने कार्ड परीक्षेच्या तोंडावर बिघडले, तर पडदा काळा आणि अभ्यासही बंद.

मी ५६००जी वर दोन वर्षे काढली आणि नंतर वापरलेले आरएक्स ६६०० ग्राफिक्स कार्ड घेतले. बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डच्या मूळ सेटिंगमध्ये, ग्राफिक्ससाठी २ जीबी रॅम राखून ठेवल्यावर जीटीए मधले अडखळणे मला कमी जाणवले. पुढे कार्ड घ्याल तेव्हा आरएक्स ६५०० एक्सटी टाळा. ते पीसीआयईच्या, म्हणजे कार्ड आणि प्रोसेसर यांना जोडणाऱ्या मार्गाच्या, चारच लेन वापरते आणि ५६००जी तिसऱ्या पिढीच्या पीसीआयईवर थांबतो, त्यामुळे त्याचा श्वास कोंडतो. ६६०० ला आठ लेन मिळतात, म्हणून फरक किरकोळ राहतो.

वापरलेले कार्ड विकणाऱ्याच्या घरी चालवून पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या आभासी चलनाचे मायनिंग (कार्डांवर गणिते सोडवून चलन मिळवणे) थांबले आणि दिवसरात्र राबलेली असंख्य कार्डे बाजारात आली. मी धनकवडीत पाहिलेल्या पहिल्या कार्डाच्या स्क्रूंची डोकी झिजलेली होती, कार्डाच्या धातूच्या पट्टीवर गंज होता आणि अर्ध्या तासाच्या ताणानंतर एक पंखा खरखरू लागला. ते मी सोडले.

धायरीकर :
सर्वांचे मनापासून आभार. काल ५६००जी चा संच पक्क्या जीएसटी बिलावर घेतला आणि प्रत्येक भागाचा सिरियल नंबर बिलावर लिहून घेतला. बहिणीला सोल्डरगन यांचा प्रतिसाद वाचायला दिला होता. दुकानात तिनेच एसएमपीएसचे खोके फिरवून तक्ता शोधला, ३७ अँपिअर वाचले आणि ‘४४४ वॅट, चालेल’ असे सांगितले. रंगीत पंख्यांचा विषय तिने पुन्हा काढला नाही. मदरबोर्डला व्हीजीए नाही, त्यामुळे एचडीएमआयवरून व्हीजीए करणारा अडॅप्टर आज संध्याकाळी आणायचा आहे. तोवर संच जोडून तसाच टेबलावर ठेवला आहे.