ओव्हरक्लॉकिंगसाठी मेमरी घेताना वेग पाहावा की टायमिंग?

धागाकर्ता:
प्रोसेसर ओव्हरक्लॉक करायचे, म्हणजे नेमून दिलेल्यापेक्षा जास्त वेगाने चालवायचे ठरले की 'परवडेल तेवढी वेगवान रॅम घ्या' असा सल्ला हमखास मिळतो. एएमडीच्या एएम५ सॉकेटवरील (मदरबोर्डवर प्रोसेसर बसवायची जागा) रायझन प्रोसेसरपुरता तरी तो मला पटत नाही. डीडीआर५ या प्रकारच्या मेमरीची ६००० सीएल३०, ७२०० सीएल३६ आणि ८००० सीएल४० अशी तीन किट घ्या. पहिला आकडा वेगाचा (सेकंदाला किती दशलक्ष वेळा डेटा जातो, दर क्लॉकला दोनदा), तर सीएल हे मुख्य टायमिंग, म्हणजे मागितलेला डेटा येईपर्यंत जाणारे क्लॉक. २००० ला वेगाने भागून सीएलने गुणले, तर तिन्हींचे उत्तर १० नॅनोसेकंदच येते. त्यातच ६००० वर मेमरी कंट्रोलर (प्रोसेसरमधला मेमरी हाताळणारा भाग) मेमरीच्या बरोबरीने ३००० मेगाहर्ट्झला चालतो, ८००० वर मात्र तो निम्म्या गतीने, म्हणजे २००० मेगाहर्ट्झला चालवावा लागतो. म्हणून ६००० सीएल३०चे, शक्यतो हायनिक्स कंपनीच्या चिपचे, दोन स्टिकचे किट घ्यावे आणि उरलेली मेहनत दुय्यम टायमिंग (मुख्य टायमिंगखालचे इतर विलंब) कमी करण्यावर घालावी, असे माझे मत आहे.

प्रतिसाद १:
असहमत. सीएल म्हणजे संपूर्ण लेटन्सी (डेटा मिळेपर्यंतचा विलंब) नव्हे, आणि लेटन्सी समान असली तरी जास्त वेगाच्या किटची बँडविड्थ (सेकंदाला वाहून नेता येणारा डेटा) जास्तच असते. इंटेलच्या १२व्या ते १४व्या पिढीत तर डीडीआर५साठी कंट्रोलर मुळातच निम्म्या गतीने चालतो, त्यामुळे मेमरीचा वेग वाढवला की कंट्रोलरचाही वाढतो. तिथे ७२०० चे किट घेणे ही हौस नसून सरळ हिशेब आहे.

धागाकर्ता:
इंटेलबाबत मान्य, म्हणूनच मी सॉकेटचे नाव घेतले. बँडविड्थचे म्हणाल, तर एकाच कोअर चिपलेटच्या (कोअर असलेल्या छोट्या चिपच्या) रायझनमध्ये वाचनाचा मार्ग दर क्लॉकला ३२ बाइटचा असतो. चिपलेटला मेमरी कंट्रोलरशी जोडणारे फॅब्रिक २००० मेगाहर्ट्झला धरले, तर सेकंदाला ६४ गिगाबाइट होतात. दोन चॅनेलवरची ६००० ची मेमरी आधीच ९६ देऊ शकते. वरची टाकी मोठी करून खालची तोटी रुंद होत नाही. दोन चिपलेटच्या प्रोसेसरला हे गणित असेच लागू होत नाही, हे खरे.

प्रतिसाद २:
मला हा वादच अवाजवी वाटतो. पूर्वी एफएसबी (प्रोसेसरला मेमरीशी जोडणाऱ्या मार्गाचा क्लॉक) वाढवला की मेमरीही सोबत ओढली जायची, त्यामुळे वेगवान रॅम घेणे भाग होते. आज गुणक (मूळ क्लॉकला ज्याने गुणून कोअरचा वेग ठरतो तो आकडा) खुला असेल तर मेमरीला हात न लावता कोअरचा वेग वाढवता येतो. त्यातही ७८००एक्स३डीसारख्या प्रोसेसरमध्ये ९६ मेगाबाइट एल३ कॅशे (प्रोसेसरमधलीच वेगवान मेमरी) असल्याने गेमचा बराच डेटा तिथेच सापडतो आणि मेमरीच्या ट्यूनिंगचा फायदा आक्रसतो. पैसे क्षमतेवर खर्च करा, मात्र ६४ जीबी हवी असेल तर ३२च्या दोनच स्टिक घ्या, कारण चार स्टिक लावल्यास रायझन ७००० मालिकेचा अधिकृत वेग ३६०० वर घसरतो.

प्रतिसाद ३:
स्थिरतेबद्दल कोणीच बोललेले नाही. डीडीआर५चे मानक व्होल्टेज १.१ आहे, वेगवान किटची प्रोफाइल (वेग, टायमिंग, व्होल्टेजचा तयार संच) बहुधा १.३५ ते १.४ मागते, आणि रिफ्रेशमधील (डेटा टिकवण्यासाठी मेमरीच्या पुनर्भरणामधील) अंतर वाढवणारे टीआरईएफआय ताणल्यावर मेमरी उष्णतेबाबत फारच हळवी होते. मेमटेस्ट ही मेमरीची चाचणी रात्रभर निर्दोष चालते, पण गेम सुरू करून ग्राफिक्स कार्डची गरम हवा स्टिकवर आली की त्रुटी दिसू लागतात. 'डीडीआर५मध्ये ईसीसी असतेच' यावर विसंबू नये; ही चूक-दुरुस्तीची सोय चिपच्या आतल्या चुका सुधारते, चिप ते प्रोसेसर या वाटेवरच्या नाही. शिवाय एक्सपो (एएमडीची तयार मेमरी प्रोफाइल) सुरू केल्यावर एसओसी व्होल्टेजही (प्रोसेसरमधल्या मेमरी कंट्रोलरच्या भागाचे) वाढते. २०२३ मध्ये काही रायझन ७००० एक्स३डी प्रोसेसर जळाल्यानंतर एएमडीने त्यावर १.३ व्होल्टची मर्यादा घातली, तेव्हा आधी मदरबोर्डचे बायोस अद्ययावत करावे.

प्रतिसाद १:
स्थिरता हाच निकष असेल, तर माझाच मुद्दा बळकट होतो. ७२०० साठी निवडलेल्या चिप ६००० वर, घट्ट टायमिंगने चालवल्या तर हाताशी वाव उरतो.

धागाकर्ता:
उरतो, पण ते किट बहुधा इंटेलच्या एक्सएमपी प्रोफाइलचे असते आणि एएम५वर ६००० चे प्रत्येक टायमिंग बायोसमध्ये हाताने भरावे लागते. ज्याला तेवढी चिकाटी आहे त्याने ते जरूर घ्यावे. केवळ एक्सपो सुरू करून थांबणाऱ्याला त्या जादा पैशांतून काही मिळणार नाही.